सत्कार करा, पण आधी त्यांच्या कामावर एक दिवस जाऊन या

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या चिटणिसांनी विचारलंय: वाचनालयाला यंदा पन्नास वर्षं होताहेत. त्या निमित्तानं गावात वर्षानुवर्षं निरपेक्षपणे राबणाऱ्या दहा-बारा जणांचा सत्कार करायचं ठरलं आहे. हाताशी वीस हजार रुपये आहेत. निवड कशी करावी, द्यावं काय, कार्यक्रम कसा असावा, आणि नंतर "यालाच का, त्याला का नाही" ही कुरबूर कशी टाळावी?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ती कुरबूर टळत नाही. निवड चोख असली तर ती चहाच्या टपरीवर आठवडाभर राहते आणि विरते. निवड ढिसाळ असली तर पुढच्या निवडणुकीपर्यंत पुरते. एवढाच फरक.

मी महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो, निवृत्तीनंतर एका छोट्या न्यासाचं काम पाहतो. दोन्हीकडे मिळून बरेच सत्कार घडवून आणले आणि त्यातले काही चांगलेच फसवलेही. फसलेला एक आधी सांगतो, कारण त्यातून जे शिकलो ते कुठल्याच शिबिरात शिकलो नव्हतो.

आमच्या भागातल्या एका वाडीवरच्या बाई. अडलेल्या बाळंतिणींना रात्री-अपरात्री जीपमध्ये घालून ग्रामीण रुग्णालयात पोचवायच्या आणि बाळाचं रडणं ऐकूनच परत यायच्या. पंधरा वर्षं हे चाललं होतं. आम्ही त्यांचा सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे चारला यायचे होते, आले सव्वासहाला. बाई साडेपाचपर्यंत पहिल्या रांगेत ताटकळत बसल्या आणि उठून गेल्या. शाल त्यांच्या पुतण्यानं घेतली, टाळ्या वाजल्या, पाहुण्यांनी "अशा माउलींमुळेच समाज टिकून आहे" वगैरे म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी ओशाळून त्यांच्या घरी गेलो. त्यांना राग वगैरे काही नव्हता. म्हणाल्या, "थांबले असते हो सर, पण आमची म्हैस दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही."

धारेची वेळ साडेपाच-सहाची, हे गावात कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. आम्ही पाहुण्यांची वेळ सात वेळा फोन करून विचारली होती, बाईंची एकदाही नाही. त्या दिवसापासून माझा एकच नियम आहे: ज्याचा सत्कार करायचा त्याच्या कामावर आधी एक अख्खा दिवस जाऊन बसायचं. निवड, मानपत्र, भेटवस्तू, कार्यक्रमाची वेळ, सगळं त्या एका दिवसातून निघतं.

आता निवडीबद्दल. कृपा करून अर्ज मागवू नका. "इच्छुकांनी आपल्या कार्याच्या कात्रणांसह" असं लिहिलंत की कात्रणं असणारे येतात, कार्य असणारे येत नाहीत. समितीतल्या सातजणांनी प्रत्येकी दोन नावं सुचवायची, हीही पद्धत वाईट. त्यातून सातजणांचे सोयरे आणि मित्र निघतात. मी काय करतो, तर गावातल्या ठरावीक माणसांना एकच प्रश्न विचारतो. मेडिकलवाला, एसटी स्टँडवरचे वाहतूक नियंत्रक, पोस्टमन, पोलीस पाटील, आशाताई, रिक्षावाले, शाळेचा शिपाई. प्रश्न असा: "रात्री दोन वाजता तुमच्यासमोर कुणी अडचणीत आलं, तर तुम्ही कुणाला फोन लावता?" वीस-पंचवीस जणांना विचारलं की चार-पाच नावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. त्यातलं एखादं तुम्ही कधीच ऐकलेलं नसतं. तिथून सुरुवात करायची.

अशाच एका फेरीत आम्हाला एक निवृत्त शिक्षिका सापडल्या. तहसील कार्यालयासमोरच्या कडुनिंबाखाली त्या आठवड्यातून तीन दिवस बसायच्या आणि लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायच्या: संजय गांधी निराधार योजनेचे, हयातीच्या दाखल्याचे, शिधापत्रिकेतलं नाव दुरुस्त करायचे. एवढं सगळ्यांनाच माहीत होतं. मी सकाळी दहा ते चार त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा त्यांच्या पिशवीत वेगवेगळ्या नंबरचे चार जुने चष्मे दिसले. म्हातारी माणसं चष्मा घरी विसरून येतात आणि काय लिहिलंय ते न वाचताच अंगठा देतात, म्हणून. "आधी वाचा, मग अंगठा," असं म्हणून त्या एकेक चष्मा पुढ्यात ठेवायच्या. कुठला बसतो ते म्हातारा स्वतः लावून बघायचा. अक्षरओळख नसलेल्यांना त्या सगळा अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायच्या, हे वेगळंच.

ते चार चष्मे मानपत्रात आले आणि वाचताना सभागृह हसलं, मग एकदम शांत झालं. मानपत्र म्हणजे हेच. "बहुआयामी व्यक्तिमत्त्व", "समाजकार्याचा वसा", "तळागाळातील घटकांसाठी अविरत झटणारे" हे शब्द छापखान्याच्या साच्यात तयारच असतात. नाव बदललं की कुणालाही बसतात, म्हणून कुणालाच बसत नाहीत. मानपत्र दीडशे शब्दांच्या आत ठेवा. माणूस काय करतो, कधीपासून, कुठे, त्यासाठी काय मोजतो, आणि त्याच्या हातात दिसणारी एक वस्तू. बास. आमच्या बाईंचं असं सुरू झालं होतं: "सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी दहा. तहसीलसमोरचा कडुनिंब. सतरंजी, गोंदाची बाटली, शाईचा पॅड आणि चार चष्मे." पुढचं त्यांच्या विद्यार्थिनीनं लिहिलं, माझ्यापेक्षा चांगलं.

हे लिहून ठेवण्याचं महत्त्व गावाबाहेरही आहे. पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक ऑनलाइन शिफारस करू शकतो, आणि त्या अर्जाचा गाभा म्हणजे जास्तीत जास्त आठशे शब्दांचं कामाचं वर्णन. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणं घरात जपलं. त्यांच्या कामाला बायफ या ग्रामीण विकासाचं काम करणाऱ्या संस्थेच्या कार्यकर्त्यांची साथ मिळाली, ते गावाबाहेर कळलं, आणि २०२० च्या यादीत त्यांचं नाव पद्मश्रीसाठी आलं. त्याच यादीत हिवरे बाजारचे पोपटराव पवारही होते. तुमच्या बारा जणांतून कुणी दिल्लीला जाईल असं मी म्हणत नाही. पण जिल्ह्याचा एखादा पुरस्कार तरी का हुकतो, तर कागद नसतो. राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास सेवा द्यावी लागते आणि ते तास डायरीत मांडले जातात. म्हणून विसाव्या वर्षी पोराकडे प्रमाणपत्र असतं. साठीतल्या माणसानं याच्या कैक पट तास दिलेले असतात आणि त्याच्याकडे चिठोराही नसतो. तुमचं वाचनालय आहे, लिहिणं-जपणं हे तुमचंच काम. बारा जणांची बारा पानं लिहा, तारखांसह, आणि संग्रही ठेवा. माझ्या मते हा त्या दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा मोठा सन्मान आहे.

सरकारी वाटाही बघून ठेवा. राज्य सरकारनं २०२३ मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीनं महिला व बालविकासात काम करणाऱ्या दोन महिलांना अहिल्यादेवी होळकरांच्या नावे, ३१ मेच्या जयंतीला, सन्मानित करण्याची योजना आणली. रोख रक्कम पाचशे रुपये, हसण्यासारखी; पण ग्रामपंचायतीच्या दप्तरात नाव जातं. आजूबाजूच्या गावांतली तुम्हाला सापडलेली नावं तिथल्या ग्रामसेवकांना वेळेत द्या, नाहीतर ऐनवेळी समोर दिसेल तिला ते बोलावतात. आणि तुमच्या स्वतःच्या क्षेत्रात तर डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या नावाचे उत्कृष्ट ग्रंथालय कार्यकर्ता आणि उत्कृष्ट ग्रंथालय सेवक असे दोन वेगळे पुरस्कार आहेत. कार्यकर्ता वेगळा, पगारी सेवक वेगळा. ही रेघ सरकारनं तिथे नीट ओढली आहे, ती तुम्हीही ओढा.

कारण सगळीकडे ती नीट नाही. आशाताईंचंच घ्या. २००५ पासून हे काम चालू आहे, कागदोपत्री त्या स्वयंसेविका. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२१ मध्ये, आणि नंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा मोबदल्यासाठी संपावर होत्या. जिथे पैसे द्यायला हवेत तिथे शाल देऊन वेळ मारून नेणं हा गौरव नव्हे. तुमच्या वाचनालयात कुणी "मानद" म्हणून आठ-आठ तास बसत असेल आणि त्याला खरं तर पगार हवा असेल, तर त्याचा सत्कार करण्याआधी त्याच्या मानधनाचा ठराव करा.

आकड्यांवरून सत्कार करायचा मोह होईल, कारण आकडा वादातीत वाटतो. रक्तदानाचं बघा. "शतकवीर रक्तदाते" हे आपल्याकडचं ठरलेलं शीर्षक. पुरुषाला तीन महिन्यांनी रक्त देता येतं, म्हणजे वर्षाला फार तर चारदा. शंभरी गाठायला पंचवीस वर्षं. स्त्रीला चार महिन्यांनी, म्हणजे वर्षाला तीनदा. तिला तेहतीस वर्षांहून जास्त. त्यात हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असलं की परत पाठवतात, आणि आपल्याकडच्या कितीतरी बाया त्याच पायरीवरून परत जातात. मग यादीत सगळे पुरुष येतात आणि आपण म्हणतो, महिला पुढे येत नाहीत. जी बाई शिबिराच्या आधी पंधरा दिवस घरोघर फिरून दाते गोळा करते, किंवा जो मुलगा रात्री अकराला ए निगेटिव्हसाठी चाळीस फोन करतो, त्याच्या खात्यावर एकही बाटली नसते. १ ऑक्टोबरला, राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनी, आम्ही गेली काही वर्षं फक्त या फोन करणाऱ्यांना बोलावतो. शंभरी गाठलेल्यांची त्यावर तक्रार आली नाही. उलट त्यांनाच ते जास्त पटलं.

आणि रक्तदात्याला महागडी भेट देऊ नका. पैसे घेऊन रक्त देण्याची पद्धत आपल्या देशात १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली ती उगाच नाही. गरजेपोटी येणारा माणूस आपला आजार लपवतो. मिक्सरच्या आशेनं येणाराही लपवू शकतो.

सर्पमित्रांबद्दल एक सावधगिरी. गळ्यात नाग घेतलेला फोटो फ्लेक्सवर छापू नका. तुम्ही जे छापता त्यालाच गावातली पोरं काम समजतात. जो सर्पमित्र स्टिकनं साप पिशवीत घालून, वनविभागाला कळवून, गर्दी न जमवता निघून जातो, त्याच्याकडे भारी फोटो नसतोच. त्यालाच शोधा, आणि मानपत्रात लिहा की बघ्यांनी आग्रह केला तरी यांनी कधी सापाचा खेळ केला नाही.

जोखमीचं काम करणाऱ्यांना काय द्यावं हा प्रश्न मला आंबेनळी घाटाच्या वेळी पहिल्यांदा नीट कळला. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरजवळ दरीत गेली. धुकं, पाऊस, निसरडा उतार. आणि दोर लावून खाली उतरणाऱ्यांत महाबळेश्वर, पोलादपूर, महाडकडचे स्थानिक गिर्यारोहक होते. यातली बरीचशी पोरं म्हणजे कुणी हॉटेलात काम करणारा, कुणी दुकान सांभाळणारा. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या महापुरात आणि २०२१ मध्ये तळियेला, २०२३ मध्ये इर्शाळवाडीला दरड कोसळली तेव्हाही सरकारी पथकांच्या बरोबरीनं अशा स्थानिक पथकांतली माणसं होती. अशा एका पथकातल्या मुलाला मी विचारलं होतं, तुम्हाला काय आवडेल. तो म्हणाला, "सर, ट्रॉफी ठेवायला जागा नाही. दोर द्या." मग त्यानं मला दोर बघायला शिकवलं: बोटांमधून सावकाश सरकवत न्यायचा, कुठे मऊ लागला, फुगल्यासारखा वाटला किंवा वरचं कवच खरवडलेलं दिसलं की तो बाद. बाद दोर कापून टाकायचा, नाहीतर कुणीतरी मोहानं पुन्हा वापरतो. त्यांच्याकडे तीन दोर होते, त्यातला एक त्यानं माझ्यासमोर बाद ठरवला.

म्हणून माझं म्हणणं, भेटवस्तू कामाची द्या. अर्ज लिहिणाऱ्या बाईंना आम्ही घडीचं टेबल आणि मोठी छत्री दिली. स्मशानभूमीची देखभाल करणाऱ्याला गमबूट आणि चांगली विजेरी. विम्याचंही बघा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला फक्त वीस रुपये आहे, १८ ते ७० वयासाठी अपघाती मृत्यूला दोन लाख; तो ज्याच्या-त्याच्या बँक खात्यातून वळता होतो, त्यामुळे तुम्ही भरू शकत नाही, पण बाराही जणांना घेऊन एक दिवस बँकेत जाऊ शकता. शक्यतो मेच्या आत, कारण वर्ष १ जूनला सुरू होतं. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत काहीशे रुपयांत मोठ्या रकमेचे अपघात विमे मिळतात, ते जोखमीची कामं करणाऱ्यांसाठी घ्यावेत. मात्र दोरावरचं किंवा पाण्यातलं काम त्यात वगळलेलं नाही ना, हे सही करण्याआधी वाचा. आम्ही एकदा वाचलं नव्हतं. सुदैवानं वेळ आली नाही.

शाल-श्रीफळाला माझा विरोध नाही. गावाला ती भाषा कळते, आणि घरच्यांना तर नक्कीच. आयुष्यभर "घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजतो" हे ऐकलेल्या माणसाच्या घरी ती शाल पहिल्यांदा वेगळं काहीतरी बोलते. म्हणून घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा. बायको, नवरा, सून, जे कुणी रात्रीच्या फोननंतर दार लावून घ्यायला उठतात ते. पदरमोड त्यांच्या पदरातून झालेली असते.

बायकांचा सत्कार करताना एक गोष्ट आधी ठरवून घ्या. ताट घेऊन उभी असलेली मुलगी कुंकू लावायला पुढे होते, समोरच्या बाई विधवा असतात आणि मंचावर दोन क्षण सगळे थबकतात. ते दोन क्षण त्या बाईंना घरापर्यंत पुरतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ग्रामसभेचा ठराव केला. निदान वाचनालयाच्या मंचावर तरी तेवढं धाडस असावं. एक तर सगळ्यांना लावा, नाहीतर कुणालाच नको, फूल द्या. त्यांना काय चालेल ते आधी घरी जाऊन विचारा. आणि नाव कसं छापायचं तेही त्यांनाच विचारा. "सौ." लावून नवऱ्याचं नाव आधी घालायची छापखान्याला सवय असते.

कार्यक्रम दीड तासाच्या वर नको. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी टाळा, त्या दिवशी या मंडळींनाच चार ठिकाणी खुर्च्या लावायच्या असतात. ५ डिसेंबर हा जागतिक स्वयंसेवक दिन आहे, तोवर सुगीही बरीचशी आटोपते; चालत असेल तर बघा. पाहुणे एकच, आणि त्यांनी बोलायचं दहा मिनिटं. मंचावर सत्कारमूर्ती, पाहुणे आणि सूत्रसंचालक, बाकी सगळे खाली, अध्यक्षसुद्धा. तुमचे अध्यक्ष यावर रुसतील. त्यांना आभारप्रदर्शन द्या.

वीस हजारांचं माझ्या हिशेबानं असं: बारा मानपत्रं छपाई-फ्रेमसह चार हजारांत, चहा-नाश्ता आणि ध्वनिक्षेपक मिळून पाच, उरलेले अकरा कामाच्या वस्तूंना. फ्लेक्स शून्य. विश्वस्तांच्या बैठकीत खर्चाचा ठराव घ्या, प्रत्येक वस्तूची पावती ठेवा, लेखापरीक्षक विचारतो.

कुणी नको म्हटलं तर? म्हणतात. आमच्याकडे बेवारस मृतदेहांचे अंत्यविधी करणारे एक गृहस्थ होते, त्यांनी हात जोडले आणि मंचावर यायला साफ नकार दिला. मी तीनदा गेलो, हट्ट म्हणून. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "स्मशानातल्या शेडचा पत्रा उडालाय, पावसात लाकडं भिजतात, ते बघा." ते बघितलं. पत्र्यावर कुणाचंही नाव लिहिलं नाही, त्यांची तशी अटच होती. कार्यक्रमात त्यांचं नाव घेतलं नाही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे फक्त "पत्रा बसवला" एवढं प्रास्ताविकात सांगितलं. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

बारा जणांकडे बारा दिवस जायला तुमच्या समितीला महिना-दीड महिना लागेल, तेवढा हाताशी ठेवूनच तारीख धरा. मानपत्रांचे कच्चे मसुदे पाठवलेत तर नजर घालेन. पाहुण्यांच्या परिचयाचा मसुदा मात्र पाठवू नका, तो दोन ओळींचाच असू द्या.